मोहोराच्या दिवसांत उपकारस्तुती

शास्त्रपाठ : उत्पत्ती २:८-१५, यिर्मया २९:४-७, मत्तय ६:२५-३४, योहान २०:११-१८





माघ सरत आला की आपल्या घरांचे रूप हळूहळू पालटू लागते. पहाटेचा गारवा अजून अंगाला झोंबतो, पण दहाच्या सुमारास अंगणातले ऊन पाठीला जाणवू लागते. गोधड्या आणि घोंगड्या दोन दिवस ऊन खातात आणि डांबराच्या गोळ्यांसह ट्रंकेत जातात. माळ्यावरचा माठ खाली येतो. नवी चिंच फोडायला घरातल्या बायका दुपारी ओसरीवर बसतात. आम्हां बेळगावकरांच्या परसांत आंब्याला मोहोर असतो, शेवगा पांढऱ्या फुलांनी भरतो, आणि कडुनिंब जुनी पाने गाळून कोवळी तांबूस पालवी अंगावर घेतो. गोव्यात काजूला बोंडे धरू लागतात. इंदुरात गराडूचे, ग्वाल्हेरीस गजकेचे आणि बडोद्यात पोंकाचे दिवस संपत येतात. मंडळी ठिकठिकाणची असली तरी थंडी निघाल्याची खूण प्रत्येकीच्या दाराशी असते.

नेमक्या याच दिवसांत आपल्या उपासनेत लेंटचा काळ येतो. भस्म बुधवार ४ फेब्रुवारीच्या आधी येत नाही आणि १० मार्चच्या पुढे जात नाही. म्हणजे एकीकडे उपवास, पश्चात्ताप आणि वधस्तंभाचे मनन; दुसरीकडे दाराशी मोहोराचा घमघमाट. पुष्कळ विश्वासणाऱ्यांना या दोहोंचा मेळ घालता येत नाही. घर, परस, फुले, ऊन यांचा आनंद म्हणजे जगिक गोष्ट, ती चालवून घ्यावी फार तर, पण तिच्यात मन रमवू नये, अशी शिकवण आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणापासून ऐकलेली आहे.

गेल्या वर्षी लेंटच्या दुसऱ्या आठवड्यात उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीतील एका वयस्क भगिनीने मला थांबवले. तिचे पती पावसाळ्यात प्रभूकडे गेले होते. ती म्हणाली, “भाऊ, आमचे हे जाऊन सहा महिने झाले. काल सकाळी शेवग्याखाली फुलांचा सडा पडला होता, वर मधमाश्या गुणगुणत होत्या. मी चहाचा कप घेऊन तिथंच उभी राहिले, आणि मला बरं वाटलं. मग माझी मलाच लाज वाटली. माणूस मातीत, आणि मी फुलं बघत उभी. त्यात हा लेंट. हे पाप आहे का हो?”

प्रियजनहो, हा प्रश्न एकट्या तिचा नाही. ज्यांच्या घरात दु:ख आहे, आजार आहे, कर्ज आहे, त्या प्रत्येकाला कधी ना कधी तो पडतो. मला आनंद वाटला तर तो देवाचा अपराध होतो का? गेलेल्या माणसाचा अपराध होतो का? हा प्रश्न आज आपण पवित्र शास्त्राजवळ नेऊ या.

हा आनंद कोणाच्या हातचा?

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव स्वत: बाग लावतो. त्या बागेतील झाडांविषयी शास्त्र दोन गुण सांगते, आणि त्यांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. झाडे डोळ्यांना सुखावणारी होती, हे आधी सांगितले आहे. ती खाण्याजोगी होती, हे मागाहून. पोटाच्या आधी देवाने डोळ्यांचा विचार केला. आणि हे घडले तेव्हा पाप अजून जगात आलेले नव्हते. म्हणून फुललेले झाड पाहून मन सुखावणे हे पतनाचे फळ नव्हे. निर्माणकर्त्याने मानवाला दिलेली ती अगदी पहिली देणगी आहे.

आंब्याचा मोहोर जवळ जाऊन पाहा. एका तुऱ्यावर शेकड्यांनी, कधी हजारांनीही बारीक फुले असतात. त्यांतून पिकून हाती येणारी फळे एखाददुसरी; कित्येक तुऱ्यांना तर एकही धरत नाही. आपण हिशेबी माणसे याला उधळपट्टी म्हणू. बेथानीच्या घरी त्या स्त्रीने प्रभूच्या मस्तकावर बहुमोल सुगंधी तेल ओतले, तेव्हाही नासाडी झाली म्हणून कुरकुर करणारे होतेच. प्रभूने मात्र तिची बाजू घेतली. जो पिता एका आंब्यासाठी हजार फुले फुलवतो, तो हातचे राखून देणारा नाही, एवढे तरी आपण मोहोराकडून शिकावे.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू आपल्या शिष्यांना रानातील फुलांकडे वळवतो. पॅलेस्टाइनमध्ये पाऊस पडतो तो हिवाळ्यात. त्यामुळे थंडी ओसरताना गालीलाच्या टेकड्या रानफुलांनी भरून जातात; मग उष्ण वारा सुटतो आणि थोड्याच दिवसांत सारे गवत वाळून चुलीत घालण्याजोगे होते. ऐकणारे लोक गरीब होते, उद्याच्या भाकरीची आणि वस्त्राची काळजी करणारे होते. अशांना प्रभूने फुले दाखवली. तेथे वापरलेल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ सहज नजर टाकणे असा नसून नीट न्याहाळणे, अभ्यासून शिकणे असा आहे. म्हणजे ती आज्ञा आहे. हातात चहाचा कप घेऊन शेवग्याखाली उभी राहिलेली ती भगिनी नकळत आपल्या प्रभूचा शब्द पाळत होती.

प्रेषित पौलही तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात धनवानांना धनाचा भरवसा सोडायला सांगतो, आणि लगेच पुढे सांगतो की देव आपल्याला सर्व काही भरभरून देतो ते उपभोगासाठी. पौलाने हे बंदिवास आणि फटके सोसलेल्या शरीराने लिहिले आहे.

थंडी आणि मोहोर

आमच्या भागातील शेतकऱ्यांना ठाऊक असते की आंबा मोहोरण्यासाठी रात्री थंड लागतात. ज्या वर्षी थंडी नीट पडत नाही, त्या वर्षी मोहोर उशिरा येतो आणि तुटक येतो. मोगऱ्याचेही तसेच. आमच्या घरी माघात कुंडीतल्या मोगऱ्याचे पाणी तोडतात, फांद्या छाटतात, पाने काढून टाकतात. आठ-दहा दिवस ते रोप पाहवत नाही. मग पाणी सुरू केले की फुटव्याबरोबर कळ्या दिसू लागतात, आणि ईस्टरच्या सुमारास ओंजळभर फुले मिळतात. योहानाच्या पंधराव्या अध्यायातील छाटणीची गोष्ट ज्यांनी मोगरा सांभाळला आहे त्यांना लवकर समजते.

पण बंधुभगिनींनो, येथे आपण सावध असावे. शोक करणाऱ्या माणसाला थंडीशिवाय मोहोर नाही असे ऐकवणे फार सोपे असते, आणि पुष्कळदा ते निर्दयपणाचे होते. त्या भगिनीच्या आयुष्यात मोहोर यावा म्हणून देवाने तिचा नवरा नेला, असे मी तिला सांगितले नाही. कारण तसे शास्त्र सांगत नाही. शास्त्र सांगते ते हे, की थंडीत झाड एकटे नसते. पाने गळालेल्या झाडाच्या मुळाशी देव असतो. दिसत काही नाही, तेव्हाही आत रस वाहत असतो.

शुभवर्तमानकारांपैकी योहान एकटाच आपल्याला सांगतो की प्रभूला धरले ती जागा बाग होती, आणि प्रभूला जेथे वधस्तंभी दिले तेथे बाग होती, व कबरही त्या बागेतच होती. एदेन बागेत मनुष्य देवापासून लपला. या बागांत देव मनुष्याला शोधत आला. पुनरुत्थानाच्या पहाटे मरीया मग्दालिया त्या बागेत रडत उभी होती. तो वसंताचा काळ होता, वल्हांडण सणाचे दिवस होते. तिला प्रभू ओळखू आला नाही. तिला वाटले, हा माळी असेल. प्रभूने तिला रडल्याबद्दल रागावले नाही. डोळे पूस, मग दर्शन देतो, असेही म्हटले नाही. अश्रू गालावर असतानाच त्याने तिला नावाने हाक मारली. दु:ख संपल्यावरच आनंदाने आत यावे असा नियम त्या बागेत नव्हता. ज्या डोळ्यांनी रडले त्याच डोळ्यांनी तिने प्रभूला पाहिले.

म्हणून मी त्या भगिनीला म्हणालो, “मावशी, हे पाप नाही. रडू आणि बरं वाटणं, दोन्ही एकाच घरात राहू शकतात. तो शेवगा कोणी लावला?” ती म्हणाली, “यांनीच. फांदी आणून खोचली होती.” मग मी म्हणालो, “तर मग तुम्ही त्याच्याकडे पाहून देवाचे आभार माना, आणि त्यांच्याबद्दलही माना.” ती काही बोलली नाही, डोळ्यांना पदर लावून घरी गेली. चैत्रात त्या झाडाच्या शेंगा आमच्या मंडळीतल्या सात-आठ घरांत गेल्या. प्रत्येक जुडीबरोबर ती सांगत होती की हे झाड अमक्यांच्या हातचे आहे.

जेथे आहोत तेथे लावा

तिसरी गोष्ट आपल्या मराठी मंडळ्यांशी विशेष संबंध असलेली आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये यकन्या राजाबरोबर यरुशलेमेतील पुष्कळ लोक बाबेलास नेले गेले. परक्या भूमीत त्यांचे मन लागेना. दोन वर्षांत सारे परत जाणार, असे हनन्या नावाचा खोटा संदेष्टा सांगत होता, आणि लोकांना ते गोड वाटत होते. अशा वेळी यिर्मयाने पत्र पाठवले. त्यात त्याने सांगितले की घरे बांधून राहा, बागा लावून त्यांचे फळ खा, आणि त्या शहराच्या हितासाठी प्रार्थना करा. कारण मुक्काम सत्तर वर्षांचा आहे. बाग लावणे म्हणजे देवाने मला ठेवले त्या जागेला होकार देणे होय. उद्या निघायचे असे धरून बसणारा माणूस कोय पेरत नाही.

आपले पूर्वज कोणी चाकरीसाठी, कोणी शिक्षणासाठी, कोणी सुवार्तेसाठी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे गेले आणि तेथेच रुजले. थंडी निघताना या सर्व मुलखांत पळस फुलतो. पाने गाळून उभ्या राहिलेल्या या झाडाला आपण पळस म्हणतो. गुजराती शेजारी त्याला केसूडो म्हणतात, हिंदी भाषिक टेसू, कानडी मुत्तुग आणि तेलुगू मोदुग. नावे पाच, पण रंग एकच, आणि फुलवणाराही एकच. ज्या भाषेच्या शेजारात देवाने आपल्याला ठेवले आहे, त्या भाषेत आपल्या दारच्या झाडाचे नाव आपल्या मुलांना यावे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची सुरुवात इतक्या लहान गोष्टीपासूनही होते.

येथे विल्यम केरी यांची आठवण होते. बंगालात श्रीरामपुरास राहून त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी कोश छापला. श्रीरामपूरच्याच छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला. हेच केरी मोठे बागप्रेमी होते. १८२० साली त्यांच्याच पुढाकाराने कलकत्त्यात शेती व बागकामाच्या सुधारणेसाठी संस्था निघाली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांच्या वाट्याला दु:ख कमी आले नाही. भारतात आल्यावर थोड्याच काळात एक लहान मुलगा गेला. पहिल्या पत्नीचे मन आजारी झाले आणि ती १८०७ साली वारली. दुसरी १८२१ साली. १८१२ साली छापखान्याला आग लागून कैक वर्षांच्या श्रमांची हस्तलिखिते जळाली. तरी बाग सुटली नाही.

एकदा विलायतेहून बियांची पिशवी आली. पिशवीत उरलेली माती केरींनी बागेच्या एका कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तेथे डेझीचे इवलेसे रोप उगवले. विलायतेत ते कुरणात पायाखाली तुडवले जाणारे फूल आहे. केरी १७९३ साली भारतात आले ते पुन्हा मायदेशी गेलेच नाहीत. तीसहून अधिक वर्षांत ते फूल त्यांच्या दृष्टीस पडले नव्हते. आपला आनंद त्यांनी पत्रात लिहून कळवला, आणि पुढे दर वर्षी त्याचे बी धरून ते रोप जगवले. १८३४ साली अंथरुणाला खिळले असता, आपल्यामागे सहकारी मार्शमन बागेत गाई सोडतील, अशी काळजी त्यांना वाटली. तुमच्यासारखी बागेची आवड मला नसली, तरी तुमची बाग सांभाळणे मी पवित्र कर्तव्य मानीन, अशा अर्थाचे अभिवचन मार्शमननी त्यांना दिले. देवाचे वचन इतक्या भाषांत नेणाऱ्या माणसाला एका फुलात मन रमवताना संकोच वाटला नाही, हे आपण लक्षात ठेवू या.

कसोटी

पण बागेच्या आवडीला दुसरी बाजूही आहे. १ राजे एकविसाव्या अध्यायात अहाब राजाला वाड्यालगत भाजीपाल्याची बाग हवी होती. हौस साधीच होती. मात्र जागा नाबोथाच्या वडिलोपार्जित द्राक्षमळ्याची होती, आणि तो देईना. मग खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथ दगडमार होऊन मेला, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. भाजीच्या वाफ्यासाठी खून झाला.

तेव्हा आपल्या आनंदाची कसोटी ही, की तो कुंपणावरून कोणत्या दिशेने जातो. माझी शेंग, माझा कढीपत्ता, माझी मूठभर फुले पलीकडे जातात, की माझी नजर पलीकडे जाते? शेजारणीची अबोली पाहून मला आनंद होतो, की माझी कुंडी मला लहान वाटू लागते? ज्या आनंदातून उपकारस्तुती आणि वाटणी निघते तो देवाचा. ज्यातून हाव निघते त्याला अहाबाचा वास आहे. ज्यांना परस नाही, भाड्याच्या एका खोलीत संसार आहे, त्यांनीही निराश होऊ नये. खिडकीतल्या डब्यात लावलेल्या चमचाभर मेथीलाही तोच देव अंकुर देतो.

लेंट या शब्दाविषयीही दोन शब्द सांगतो. हा शब्द जुन्या इंग्रजीतून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ वसंत ऋतू असा आहे. दिवस लांबू लागण्याच्या कल्पनेशी तो जोडलेला आहे. तेव्हा उपवासाचा हा काळ आणि वसंत यांचे वैर नाही. आपण उपवास करतो तो देवाच्या देणग्या वाईट आहेत म्हणून करीत नाही. देणगी हातात धरून देणाऱ्याला विसरण्याची सवय मोडावी म्हणून तो आहे. या लेंटात एक उपवास असाही करून पाहा : सकाळची पहिली दहा मिनिटे मोबाइल नको, तक्रार नको, दाराशी जे फुलले असेल त्याच्यापाशी उभे राहून देवाचे आभार मानावेत.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

पुढच्या चार रविवारी मुलांकडून एवढे करून घ्यावे. पहिल्या रविवारी प्रत्येक मुलाने नारळाच्या करवंटीत माती घालून मेथी पेरावी. दोन-तीन दिवसांत अंकुर दिसतो, आणि लहान मुलांचा धीर तेवढाच असतो. दुसऱ्या रविवारी आंब्याचा गळून पडलेला एक तुरा आणून त्यावरची फुले मोजायला लावावीत. मोजता मोजता ती थकली की मत्तयाचा सहावा अध्याय वाचावा. तिसऱ्या रविवारी नाबोथाची गोष्ट सांगावी. चौथ्या रविवारी मुलांना घेऊन मंडळीतील अशा एका घरी जावे, जेथे या वर्षी मृत्यू झाला आहे किंवा कोणी अंथरुणावर आहे, आणि उगवलेली मेथी तेथे द्यावी. उपदेश करू नये. एक गीत म्हणावे, प्रार्थना करावी आणि परतावे.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू बाग लावणारा देव आहेस. थंडी तुझी आणि मोहोरही तुझा. आमच्या अंगणातल्या, परसातल्या, खिडकीतल्या लहान आनंदांसाठी आम्ही तुझे उपकार मानतो. जे शोकात आहेत त्यांना तुझ्या बागेत रडण्याची मोकळीक दे, आणि तेथेच त्यांना नावाने हाक मार. जेथे तू आम्हांला ठेवले आहेस तेथे लावण्याची, सांभाळण्याची आणि वाटण्याची बुद्धी आम्हांला दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.